पेल्याची अनामत

शरणपूरला, चर्चच्या आवारात, नाताळाचा बाजार.
नऊ अंश, आणि सगळं नाशिक कानटोपीत.
पहिल्या वर्षी मी हसले होते यांच्या थंडीला.
यंदा सातपूरहून येताना रिक्षात
ओढणी दोनदा गुंडाळली कानांभोवती,
मला मात्र कुणी हसलं नाही.

थर्मोकोलचा बर्फ. पायाखाली करकरतो,
अगदी खोटा, पण आवाज बरोबर.
सांताक्लॉज म्हणजे बारावीतला पोरगा,
दाढी हनुवटीखाली ओढून भेळ खातोय.
करंज्या, शंकरपाळे, रव्याचा केक,
पुठ्ठ्यावर स्केचपेनने
चांदण्या : साध्या तीस, दिव्याच्या दीडशे.

"मॅडम, तुमच्या जर्मनीत हे केवढं मोठं असेल ना?"
मशीन-शॉपमधला रेवणनाथ विचारतो.
मी हो म्हणते.
कसं सांगू, तिथे असताना पंधरा वर्षं गेलेच नाही.
गर्दी फार, म्हणायचे. आणि महाग.
आई एकटीच जायची.

सांगते ते एवढंच :
आमच्याकडे गरम वाईन चिनी मातीच्या पेल्यात देतात,
पेल्यावर गावाचं नाव आणि साल.
आधी अनामत भरायची.
पेला परत केला की पैसे परत.

आई परत करायची नाही.
चोरी नव्हे, पैसे भरलेले असायचे,
तरी कोटाच्या खिशात लपवूनच आणायची
आणि रात्री उशिरा धुवायची, एकटीच हसत.
त्र्याण्णव ते अठरा.
मधलं एकच साल नाही, बाबा गेले ते.

घर रिकामं करताना मी मोजले. पंचवीस.
जुनं सामान नेणारा म्हणाला, एवढे कोण घेणार?
मी म्हटलं, असेच न्या.
दोन दिवसांनी विमान होतं,
बॅगेला तेवीस किलोची मर्यादा.

"वाईन नाही हो, देवळाचं आवार आहे,"
एस्तेरबाई ओहोळ पातेलं ढवळत म्हणतात.
"सटाण्याची काळी द्राक्षं, लवकर आलेली.
लवंग, दालचिनी, एक चक्रफूल."
चहाचंच पातेलं. गाळायला पंचाचा तुकडा.

पहिल्याच घोटाला जीभ भाजली.
ही तर पोरांची चव!
आमच्याकडे पोरांचं पातेलं वेगळं असतं,
शेवटच्या टपरीवर, बिनदारूचं.
मी सात वर्षांची,
हातमोजे हरवू नयेत म्हणून
दोरीने बांधलेले, कोटाच्या बाह्यांतून ओवून.
कुठे होते ते हातमोजे इतकी वर्षं?

पेला रिकामा झाला तरी मी उभीच. सवय.
"काय झालं? अजून ओतू?"
"अनामत," मी म्हटलं.
हा शब्द मला चांगला येतो,
घरमालकाने शिकवला अकरा महिन्यांच्या करारात.
बाई पदर तोंडाला लावून हसल्या.
"अगं बाई, वीस रुपयांत अनामत कसली!
कागदी कप संपले, म्हणून घरचे आणलेत."

स्टीलचा पेला. काठाखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं.
मी अजून बोट ठेवून वाचते, बालवाडीतल्यासारखी :
चि. एस्तेर हिस
देवळालीच्या मावशीकडून
१२-५-८८

गावाचं नाव. आणि साल.

मी मागितला नसता.
रेवणनाथ बोलून गेला, "मॅडमना पेला आवडलाय."
माझे कान तापले, ओढणीच्या आत.
बाईंनी पेला घेतला, विसळला, पुसला,
पुन्हा माझ्याच हातात.
"न्या. पण आणून द्या हं,
सहाचा सेट आहे, मोडायचा नाही मला."
कधी, ते नाही म्हणाल्या.

त्र्यंबक रोडवर सिग्नल लागला.
रिक्षावाल्याने आरशातून एकदा पाहिलं.
कोटाच्या खिशात, लपवलेल्या पेल्यावर,
अंगठा ठिपके मोजत होता.
मा.
व.
शी.